शालिग्रामभाऊंचा आवाज आणि बारा ससे

शालिग्रामभाऊ साधा चहा मागवायचे तर रस्त्यापलीकडचा रिक्षावाला वळून बघायचा. सुरतेतल्या बमरोलीच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, वीस वर्षं काढलेला माणूस. त्या खटखटाटात बोलून बोलून गळ्याचा भोंगा झालेला. गोडादऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत सगळेच लूमवाले, त्यामुळे तिथे कुणाला त्याचं काही वाटत नसे. लूम बंद पडलं आणि भाऊ आमच्या औषधशास्त्राच्या कॉलेजात प्राणीघर सांभाळायला लागले. मी तिथला स्टोअरकीपर. दोघंही धुळ्याकडचे, म्हणून त्यांची खोडी काढायचा हक्क मी आपणहून घेतलेला.

तिथल्या प्राण्यांना जीव मात्र लावायचे. पिंजरे धुऊन झाले की प्रत्येक सशाची खुशाली विचारत. तीही बोंबलून!

नव्याण्णव साली कॉलेजात नीतिसमिती बसली. आता तिच्या परवानगीशिवाय प्राण्यावर प्रयोग करायचा नाही. त्याच सुमारास देसाई सरांनी रक्तदाबाच्या औषधासाठी बारा ससे आणले होते, पण औषध देण्याआधीच सगळ्यांच्या नाड्या भरधाव! "माल खराब निघाला," सर वैतागले, आणि हे बारा मारून नवे बारा आणायचा अर्ज त्यांनी समितीकडे दिला. भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं.

नेमका तेव्हाच भाऊंना खोकला झाला, आवाज पार बसला. दोन दिवस त्यांनी मुकाट्यानं काम केलं. तिसऱ्या दिवशी एरवी कोपऱ्यात दबून बसणारे ससे जाळीपाशी आले आणि त्यांच्या हातातलं गाजर खाऊ लागले. आपला आवाज बसला तेव्हाच हे धीट झाले, हे भाऊंना उमगलं. मग मला ओढत नेऊन दाखवलं.

"हे कुणाला सांगू नका, नोकरी जाईल," मी म्हटलं. भाऊंच्या घरी रंभाबाई वहिनी, लग्नाच्या दोन मुली. आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा? पण ऐकतील तर भाऊ कसले! समितीच्या बैठकीत ते चहा घेऊन गेले आणि तिथेच उभे राहिले. घाबरले की त्यांची अहिराणीच बाहेर यायची.

"ससा खराब नही शेतस. मना आवाजले भ्यातस. मीच दोसी शे."

देसाई सर लाल झाले. पण समितीतल्या पशुवैद्य छायाबेननी अर्ज बाजूला ठेवला. पंधरा दिवस सशांना विश्रांती, प्राणीघरात अवाक्षर काढायचं नाही, मग पुन्हा नाडी बघायची. "नाही उतरली तर ससेही जातील आणि हा माणूसही," सर म्हणाले.

लूमवर ओरडूनही ऐकू गेलं नाही की माणसं हातवाऱ्यांनी बोलतात. भाऊंनी तीच भाषा प्राणीघरात आणली. मला काही केल्या जमेना. त्यांनी पाणी मागितलं की मी झाडू द्यायचो. एकदा सर बोलत बोलत आत शिरले, तर भाऊंनी ओठांवर बोट ठेवून त्यांना दार दाखवलं. सर चक्क बाहेर गेले!

सोळाव्या दिवशी छायाबेननी एकेक ससा मांडीवर घेऊन नाडी मोजली. बाराच्या बारा ठीक. देसाई सरांनी स्वतःच्या हातानं अर्ज फाडला. माणूस वाईट नव्हता. मला तर रडूच आलं, सांगायला लाज कसली?

बाहेर आल्यावर छायाबेननी विचारलं, "शालिग्रामभाई, आपकी नौकरी चली जाती तो? चुप रह सकते थे."

भाऊ म्हणाले, "बेन, ससाले बोलता येत नही. मंग मी बी चूप बसनू तं सांगी कोन?"