मेथी ग्लासात की बाहीत

परीक्षा वाइन आयात करणाऱ्या एका छोट्या कंपनीची होती. बाटल्या झाकलेल्या, ग्लासातली वाइन युरोपातल्या कुठल्या भागातली, ते चव घेऊन लिहायचं. पास झाले तर तिथे नोकरी, आणि अमेरिकेत अल्फारेटा गावातला माझा आयटीचा जॉब बंद. "पास हो, मग खुशाल सोड," नवरा हसत म्हणाला होता.

सुरुवातीचे ग्लास सरळ गेले. शेवटचा गडद सोनेरी. नाकाशी नेला. मेथी! सकाळी सासूबाईंनी मेथीदाण्याची फोडणी केली होती, आणि माझा ब्लेझर किचनला लागून असलेल्या क्लॉझेटमध्ये. इतकी वर्षं अमेरिकेत काढून कोट बेडरूममध्ये ठेवायचं मला आजच सुचू नये? स्वतःचाच राग आला. बाही हुंगली, तर तिलाही मेथीचा वास.

मेथी ग्लासातली असेल, तर वाइन पूर्व फ्रान्समधल्या जुराची. तिथे एक वाइन पिंपात वर्षानुवर्षं ठेवतात. उडून कमी झाली तरी भर घालत नाहीत, वर यीस्टची साय धरते. पुस्तकं तिच्या वासाला 'करी' म्हणतात. कसली करी, डोंबल! पहिल्यांदा हुंगली तेव्हा मला बाळंतिणीचे मेथीचे लाडू आठवले होते, आणि तेव्हापासून त्या डोंगराळ पट्ट्याचं वेडच लागलं. म्हणून तर भीती वाटत होती. मला हवा तोच वास मी घेत नव्हते ना?

"जॅकेट बाहेर ठेवून येऊ का?" मी इंग्रजीत विचारलं. परीक्षक बाईंनी भुवई उंचावली, पण मान हलवली.

ब्लेझर गाडीत टाकला, थंड हवेत खोल श्वास घेतले आणि परत येऊन ग्लास उचलला. मेथी तिथेच होती. मागे अक्रोडही. घोट तोंडात घोळवून थुंकला. अशाच वासाची स्पेनची शेरी असती, तर तिच्यात वरून घातलेल्या दारूची धग लागली असती. ती लागली नाही. 'जुरा' लिहिलं.

बाईंनी कागद तपासून तिथल्या तिथे हात पुढे केला. मी धावत पार्किंगमध्ये गेले आणि नवऱ्याला फोन लावला. "अरे, पास झाले!"

तो म्हणाला, "मला वाटलं, तू फेल होशील. म्हणून तर हो म्हणालो ना, यार."

मला फार लागलं ते. फोन ठेवला, गाडीत बसून राजीनाम्याचा मेल लिहिला, पाठवला आणि मगच गाडी सुरू केली.