परत उचललेला पत्ता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला पाहिजे होतं तिला तर नाहीच. सांगायला बसले की आधी राग येतो — माझाच — आणि तो मी भलत्याच कुणावर काढते. आजही काढीन कदाचित. तरी ऐका.

वैशाली माझी मैत्रीण. अंबाजोगाईला आम्ही दोघी डी. फार्मला होतो, एका खोलीत राहायचो. ती केजची, बौद्ध घरातली, वडील शाळेत शिपाई. मी तलवाड्याची. आमची शेती बरी, चुलते राजकारणात, ओसरीवर कायम माणसं. हे कशाला सांगते? कळेल.

माझा भाऊ पुण्याला नोकरीला लागला आणि घरी राहिलेला त्याचा पत्त्यांचा डबा मी उचलला. रमीचे पत्ते नव्हते ते. राक्षस, योद्धे, जादूगार यांची चित्रं, खाली प्रत्येकाची ताकद लिहिलेली. आपला गठ्ठा आपण निवडून जमवायचा, जास्तीचे पत्ते दुसऱ्याशी बदलून घ्यायचे, आणि समोरच्याशी लढायचं. आईला फक्त "पत्ते" ऐकू आलं. "जुगार शिकायलीस का काय गं?" म्हणाली. शेवटी डबा पुस्तकांच्या पिशवीत दडवून नेला.

वैशालीला मीच शिकवलं. तिला हौस नव्हती, मला खेळायला कुणीतरी पाहिजे होतं. दुपारची जेवणं झाली की खाटेवर चादर ताणून बसायचो. कोणता पत्ता आधी टाकायचा, कोणता राखायचा, मेलेला पत्ता बाजूच्या ढिगात गेला की संपला — सगळं नीट सांगितलं. शिकवायला मला फार आवडायचं. म्हणजे — खरं बोलायचं ठरवलंय ना? — तिला येत नाही आणि मला येतं, हे आवडायचं.

मग तिला यायला लागलं. लवकरच. खेळताना ती बोलायची नाही. माझ्या गठ्ठ्यातलं काय गेलं, काय राहिलं, सगळं तिच्या ध्यानात. एका दुपारी शेजारच्या खोलीतल्या पोरी बघायला बसल्या होत्या. त्यांच्यादेखत वैशालीनं माझा सगळ्यात मोठा राक्षस पाडला. माझ्या हातात काही उरलं नाही. पोरी फिदीफिदी हसल्या. आणि मी — मी ढिगातून राक्षस परत उचलला.

"आगं, त्यो मेला ना?" वैशाली म्हणाली.

"डावात एकदा परत घेता येतो. सांगायचं राहिलं व्हतं."

असा नियम नाही. कधीच नव्हता. पोरी हसल्या म्हणून माझ्या तोंडातून निघाला, आणि तो डाव मी जिंकले.

"आधी सांगायचं की गं," एवढंच म्हणाली ती. पुढच्या डावात तिनंही एक पत्ता परत उचलला. आता मी काय बोलणार? खोलीत तो नियम रुळला. वैशालीनं तर आपला सगळा खेळच त्यावर बांधला — एखादा ताकदीचा पत्ता मुद्दाम मरू द्यायचा आणि शेवटी उचलायचा. मी रोज बघायचे. रोज म्हणायचे, उद्या सांगू. का नाही सांगितलं? कारण सांगायचं म्हणजे त्या दुपारी मी रडीचा डाव खेळले, हे सांगावं लागलं असतं. एवढंच! एवढ्याशासाठी!

लातूरला एका दुकानात या खेळाची स्पर्धा होती. "जाऊ की गं, बघू तरी," वैशालीच मागे लागली. एसटीत सारखी बोलत होती. अंबाजोगाई ते लातूर — तोंड उघडायला तेवढा रस्ता कमी पडतो का कुणाला? मी खिडकीबाहेर बघत बसले. मनात म्हणत होते, पहिल्याच फेरीत हरेल, विषय मिटेल.

पहिल्या फेरीत मी हरले. ती जिंकत गेली. परत उचलायची वेळच तिच्यावर आली नाही, इतकी चांगली खेळत होती. मग एका डावात ती वेळ आली.

तिनं शांतपणे ढिगात हात घातला आणि पत्ता उचलला. समोरचा पोरगा ताडकन उठला. "चिटिंग! ए, चिटिंग करायली ही!" सगळे गोळा झाले. पंच आला. वैशाली घाबरली नव्हती. का घाबरेल? तिच्या लेखी तो नियम होता. "डावात एकदा घेता येतो की," ती समजावून सांगू लागली — जसं काही त्यांनाच ठाऊक नाही. माणसं हसायला लागली.

"कुणी शिकवलं तुला?" पंचानं विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. हसून बघितलं. आता ही सांगेल, अशा भरवशानं.

मी म्हणाले, "मी असं शिकवलं नाही."

शुद्ध भाषेत म्हणाले. तिच्याशी कधी बोलले नाही अशा भाषेत.

पंचानं तिचं नाव विचारलं. तिनं आडनावासकट सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मग बरोबरय. यांचं असंच असतंय." दोघं-तिघं खिदळले. पंचानं ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. त्या बोलणाऱ्याचं नरडं धरावं असं मला वाटलं — हे मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे. त्या वेळी मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्याकडं कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. माझं आडनाव कुणी विचारलं नाही. आणि हे असंच होणार, आम्हा दोघींत माझंच खरं धरलं जाणार, हे तोंड उघडायच्या आधी मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच उघडलं.

परतीच्या गाडीत तिनं आपले पत्ते डब्यात नीट लावून ठेवले. मग म्हणाली, "माझ्याच ऐकण्यात चूक झाली असंल. न्हाई का गं?"

मी म्हणाले, "असंल."

एकदा तरी भांडायचं होतं तिनं! खाडकन मुस्काटात द्यायची होती! इतका कसा भरवसा ठेवते एखादी? — बघा, आलेच शेवटी तिच्यावर.

त्यानंतर वैशालीनं त्या डब्याला हात लावला नाही. मैत्री मात्र तिनं तोडली नाही. माझ्या लग्नात राबली. माझ्या बाळंतपणात दवाखान्यात बसली. आणि मी काय केलं? सासरी तो लातूरचा किस्सा गंमत म्हणून सांगितला. माझी मैत्रीण कसे उलटे नियम ऐकते, सगळ्या दुकानासमोर कशी फजिती झाली. हातवारे करून सांगितला. सगळे पोट धरून हसले.

गेल्या दिवाळीत ती फराळाला आमच्याकडे आली होती. फराळ झाल्यावर दिरानं रमीचा कॅट काढला. वैशालीनंही पानं हातात घेतली, लावायला लागली. तेवढ्यात नवरा म्हणाला, "वैशालीताई, मेलेलं पान परत उचलायचं न्हाई बरं का! लातूरला केलतं तसं!"

घर हसलं. वैशालीही हसली. मग तिनं माझ्याकडं बघितलं. हे यांना कुणी सांगितलं, ते तिला कळलं होतं. कसं सांगितलं, तेही. हातातली पानं तिनं पालथी खाली ठेवली. "तुमी खेळा," म्हणाली. "मी बघते."

मी तिची पानं उचलली, गठ्ठ्यात मिसळली, आणि तिला सोडून सगळ्यांना वाटली.