तोंड नव्हे, लघवीची पिशवी

"काका, आ करा. लाजता काय, सगळे आपलेच आहेत."

डोंबिवलीतलं कॅन्सर जागृती शिबिर. माइक दादांच्या हातात. दादा म्हणजे आमच्या भागाचे माजी नगरसेवक. बाबांनी भरल्या मांडवात तोंड उघडलं. पुढच्या बायका माना उंच करून आत बघायला लागल्या.

"ही बघा एका पुडीची किंमत!" दादा म्हणाले. टाळ्या.

बाबांना कॅन्सर आहे तो लघवीच्या पिशवीचा. तंबाखू, विडी, कशालाच त्यांनी कधी हात लावला नाही. रंगाच्या कारखान्यात ते पावडरीची पिंपं रिकामी करायचे. घामानं त्यांची उशी गुलाबी व्हायची, आई ती वेगळी धुवायची. हॉस्पिटलात डॉक्टरांनी आधी कामच विचारलं होतं; रंगातल्या रसायनांनी हा कॅन्सर होतो, म्हणाले. आणि इथे स्टेजमागच्या बॅनरवर, दादांच्या जोडलेल्या हातांखाली, त्याच कारखान्याचं नाव. शिबिराचा खर्च कारखान्याचा.

सूत्रसंचालन माझ्याकडे. कारण मी इंग्लिश मीडियमची, आणि दिलेलं मुकाट्यानं वाचणारी.

तंबाखूनं कॅन्सर होतो, हे खरंच आहे. पण एक खरं मोठ्यानं सांगून दुसरं दाबता येतं, हे मला तिथे कळलं. रसायनांचा धोका मी शाळेत पाठ केलेला. पेपरात लिहिलेला. घरात कधी उच्चारला नव्हता.

दादांनी माइक माझ्यापुढे धरला. "बोल गो पोरी, बाबांची चूक सांग. पोरं सुधारतील."

बाबा कुजबुजले, "हो म्हण आणि गप्प बस. ऑपरेशनचा बेड दादांच्या शब्दावर मिळालाय."

"बाबांनी तंबाखू कधीच खाल्ली नाही," मी म्हटलं. "ते रंगाच्या कारखान्यात..."

माइक बंद. "मॅडम इमोशनल झाल्या," कुणीतरी हसलं. उरलेलं मी तसंच बोलले. पहिल्या रांगेपुरतं ऐकू गेलं असेल.

संध्याकाळी दादांच्या ऑफिसातून फोन आला. "ताई, रविवारी कल्याणला शिबिर आहे. स्टेजवर सॉरी म्हणा, विषय संपला. बेडचं बघायचंय ना?"

"येईन," मी म्हटलं. "कारखान्याचं नाव घेऊन बोलेन. माइक नाही दिलात तरी."

फोन कट.

"बेड गेला तर?" बाबांचा आवाज चढला होता.

"गेला तर जनरलच्या रांगेत मी उभी राहीन. रोज. पण हा आजार तुमची चूक आहे, असं कुणालाही म्हणू देणार नाही, बाबा. तुम्हालासुद्धा."