खातं गेलं, ओडी मागेच राहिली

बँकेत पेढे वाटणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. आमगावातल्या आमच्या जुन्या बँकेच्या लोकांनी पाहिला आहे. तो मी.

मी जिल्हा परिषदेचा मास्तर. आम्हा लोकांत कोणाची बदली झाली की शाल, नारळ, चार शब्द आणि पेढे हे ठरलेलं. अठरा वर्षं ज्या बँकेत माझा पगार पडला, तिचाही निरोप असाच घ्यावा, असं माझ्या डोक्यात आलं. पगाराचं खातं मी नव्या बँकेत नेलं होतं. तिचा माणूस शिक्षण परिषदेत येऊन अपघात विमा, फुकटचं कार्ड आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन गेला होता. विम्याचं मला फारसं कळलं नाही, पण घड्याळ चांगलं होतं.

तर अर्धा किलो पेढे घेऊन मी जुन्या बँकेत गेलो. काउंटरवरच्या मॅडम गोंदियाच्या, मुलीच्या वयाच्या, हिंदीत बोलणाऱ्या. मी पेढे पुढे केले आणि उभ्याउभ्याच लहानसं भाषण केलं. इतक्या वर्षांचा स्नेह, आपलं सहकार्य, कळत नकळत काही चुकलं असेल तर वगैरे. रांगेतल्या एका आजोबांनी तर टाळीही वाजवली. मग मी पासबुक ठेवून म्हणालो, आता हे खातं बंद करून द्या.

मॅडमनी अर्धा पेढा तोंडात टाकला, कॉम्प्युटरकडे पाहिलं, आणि उरलेला अर्धा हळूच कागदावर ठेवला.

"सर, आप पहले बैठिए," त्या म्हणाल्या. "आपका चौरासी हजार बाकी है."

आता ओडीचं, म्हणजे ओव्हरड्राफ्टचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी घरावर स्लॅब टाकताना पैसे कमी पडले, तेव्हा याच बँकेनं पगारावर एक लाखापर्यंत ओडी दिली होती. म्हणजे खात्यात काही नसलं तरी लाखापर्यंत काढता येत होते. पगार झाला की आमच्याकडच्या बोडीसारखं, म्हणजे शेताच्या लहान तळ्यासारखं, खातं थोडं भरायचं, आणि महिनाभर मी त्याला पाट फोडत राहायचो. बोडी मुळात खड्ड्यात आहे, हे मी कधी पाहिलंच नाही. नव्या बँकेच्या फॉर्मवर 'जुन्या बँकेचं कर्ज आहे का' असा प्रश्न होता. मी ठळक अक्षरांत 'नाही' लिहिलं. खोटं लिहिलं नव्हतं हो. ओडीला मी कर्ज समजतच नव्हतो. माझी समजूत अशी, की मास्तरची बदली झाली की त्याचं सेवापुस्तक जसं मागोमाग नव्या पंचायत समितीत जातं, तशी ही ओडीही पगाराच्या मागोमाग नव्या बँकेत जाणार. हे मी मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, याचे उपकार मी अजून मानतो.

त्यांनी शांतपणे समजावलं. पगार दोन महिने इकडे आलेला नाही, त्यामुळे व्याजही थकलं आहे. ओडी इथेच फेडावी लागेल, तोवर खातं बंद होणार नाही. नवी बँक ओडी देईल, पण तीन पगार पडल्यावर. इथवर ठीक होतं. मग त्यांनी फाइल उघडली आणि जामीनदाराचं नाव वाचलं.

ते आमचे मोठे गुरुजी, शाळेचे मुख्याध्यापक. स्लॅबच्या वेळी मी कागद पुढे केला आणि त्यांनी चष्मासुद्धा न लावता सही ठोकली होती. ते याच महिन्याअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्या निवृत्तीच्या फाइलीला याच बँकेचा ना-देय दाखला जोडायचा होता, आणि जामीन राहिलेल्या खात्याची थकबाकी असेपर्यंत त्यांना तो मिळणार नव्हता. तीस-बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाची फाइल माझ्यापायी अडकून पडली होती आणि मी तिथे पेढे वाटत होतो. हातात बारा दिवस होते.

गुरुजी तेव्हा रजेवर सौंदडला, आपल्या गावी होते. मी दुसऱ्या दिवशी मोटारसायकलनं निघालो. वाटेत माफीची तीन भाषणं तयार केली. पोहोचलो तर ते अंगणात खाटेवर बसून विळ्याला मूठ बसवत होते. मी पहिलं भाषण सुरू केलं. त्यांनी हातानं थांबवलं.

"मास्तर, मले म्हाईत हाय. बँकेचा मेसेज येऊन पंधरा दिवस झाले."

मी म्हणालो, मग मला सांगितलं का नाही?

"कायले सांगू? तुमी वर्गावर गणित शिकवून राहिले होते. तुमाले सांगतलं असतं तं तुमचंच गणित चुकलं असतं."

गुरुजींच्या बायकोनं चहा आणून दिला. चहा पिता पिता हळूहळू कळलं, की ते स्वतः बँकेत जाऊन आले होते. माझे चौऱ्याऐंशी हजार ते आपल्या निवृत्तीच्या पैशातून भरायला तयार होते, फक्त आधी त्यांचा दाखला द्यावा, असं त्यांनी बँकेला सांगितलं होतं. बँकेनं नियमावर बोट ठेवलं, म्हणून ते राहिलं. हे सगळं त्यांनी खालमानेनं मूठ ठोकत सांगितलं, जसं काही दुसऱ्या कोणाचं चाललं आहे. माझी उरलेली दोन भाषणं तशीच राहिली. शेवटी त्यांनीच विषय बदलला आणि सौंदडच्या धानाला यंदा रोग कमी आहे, हे अर्धा तास सांगितलं.

परतीच्या वाटेवर मी एकच गोष्ट ठरवली, की घरी सांगायचं. इतके दिवस बायकोला माझ्या ओडीचा पत्ताच नव्हता. स्लॅबचे पैसे पगारातून फिटून राहिले आहेत, एवढंच मी तिला सांगितलं होतं. ती दवनीवाड्याची, शेतकऱ्याची मुलगी. वडिलांनी तिच्या नावावर दोन एकर दिले आहेत आणि त्या धानाचा पैसा ती स्वतः सांभाळते. आमच्या घरात ज्याला पैसा सांभाळता येतो ते माणूस एकच आहे, आणि ते मी नव्हे.

मी सगळं सांगितलं. पेढ्यांसकट. मला वाटलं होतं ती संतापेल. तिनं फक्त रक्कम दोनदा विचारली, आणि तिसऱ्यांदा विचारलं ते गुरुजींबद्दल. त्यांच्या बायकोला हे माहीत आहे का? आहे, मी म्हणालो, चहा त्यांनीच दिला. तेव्हा ती उठली, कपाटातून एक पाकीट काढून आणलं. त्याच जुन्या बँकेतली तिची एक लाखाची मुदत ठेव. वावरात बोअर मारायला तिनं तीन हंगाम जमवलेली.

मी म्हणालो, ही मोडायची नाही.

"मोडाले कोन सांगतलं? गहाण ठेवा ना," ती म्हणाली. बचत गटाच्या बैठकांत तिनं बँकेचे एवढे कागद पाहिले आहेत, की ठेव तारण देऊन ओडी तिच्यावर वळवता येते, हे तिला माहीत होतं. मला अठरा वर्षांत माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं बँकेत गेलो. मॅडमनी थकलेलं व्याज माझ्याकडून भरून घेतलं आणि उरलेल्या रकमेचे हप्ते करून दिले. नव्या बँकेतून दर महिन्याला पाच हजार आपोआप इकडे येतील, अशी सोय लावली. ठेव तारण म्हणून लागली. जामीनदाराच्या रकान्यातलं गुरुजींचं नाव कमी झालं आणि तिथे बायकोनं सही केली. तिची सही मोठी, शाळेतल्या मुलीसारखी, एकेक अक्षर सुटं. कागद वाचल्याशिवाय तिनं केली नाही. पंधरा मिनिटं रांग थांबली, पण कोणी कुरकुरलं नाही. गुरुजींचा दाखला त्याच दुपारी तयार झाला आणि मी तो स्वतः नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला. आपल्या स्वतःच्या कागदाला ते चष्मा लावतात, हे मला तेव्हा कळलं.

बोअर यंदा नाही, कदाचित पुढच्या वर्षीही नाही. ठेव सुटेपर्यंत तिचं वावर आभाळाच्या भरवशावर. नवं खातं मात्र व्यवस्थित चाललं आहे. पगार येतो, त्याच दिवशी पाच हजार जुन्या बँकेकडे निघून जातात, आणि मोबाइलवर मेसेज आला की मला दरवेळी दोन माणसं आठवतात. एवढी माणसं आपल्यावर का विश्वास ठेवतात, याचा विचार मी फार खोलात करत नाही. उत्तर सापडलं तर त्यांनाही सापडेल.

त्या दिवशी बँकेतून बाहेर पडून मी मोटारसायकल काढली, पण सुरू केली नाही. काहीतरी बोलायला हवं होतं. म्हटलं, तुला माझी जामीन व्हावं लागलं, हे काही बरोबर झालं नाही.

ती मागे बसली, पदर खोचला.

"अजी, जामीन तं बावीस वर्षांपासून हाय मी," ती म्हणाली. "सही तेवढी आज केली. चला आता लवकर. आंगनात धान उघडाच पडून हाय, अन् आभाळ भरून येऊन राहिलं."