डाव्या हाताची पट्टी

कुरुंद्याच्या आमच्या शेतात हळद शिजवणं चालू होतं. हळद शिजवायचा भाड्याचा कुकर घेऊन आलेला कुकरवाला मला म्हणाला, "काका, वाफ निघू द्या, मंग झाकण काढा." काकाला कुठला दम! हळद शिजली का, हे मी नुसत्या वासावर ओळखतो, असं सकाळपासून सगळ्यांना सांगत सुटलो होतो. झाकण ढिलं केलं आणि वाफेनं माझा डावा हात धरला.

जयंती तोंडावर आली होती. आमच्या गाणाऱ्या पार्टीत ढोलकी माझ्याकडं. एरवी मला कुणी काही विचारत नाही, पण त्या संध्याकाळी सगळी वस्ती माझ्या हातांकडं बघते. म्हणून आगीपेक्षा ढोलकी जाण्याची धास्ती जास्त.

बायकोनं टूथपेस्ट आणली. चुलतीनं तेलात हळद कालवली. हळदीच्या रानात उभं राहून हळदीला नाही कसं म्हणणार? शेजाऱ्यानं बटाटा किसला. कुणाचं मन मोडू नये म्हणून मी सगळंच थापून घेतलं. गार पाण्याचा नळ दोन पावलांवर होता. तो तेवढा कुणाला सुचला नाही.

वसमतच्या डॉक्टरीणबाईंनी आधी हात पाहिला, मग माझं तोंड.

"भाजलंय कुठं?"

"आत हाय, मॅडम."

"मग वरचा फराळ आधी काढू. जखम किती खोल आहे ते दिसल्याशिवाय औषध ठरवू कसं?"

तो फराळ धुताना मी असा ओरडलो की बाहेर बसलेला एक पेशंट बरा होऊन घरी गेला. नशिबानं जखम वरवरची होती. बाईंनी मागं मेव्हण्याला भाजल्यावर दिलेलं पांढरं मलम मी मागितलं. बाई म्हणाल्या, "त्यांची जखम वेगळी, तुमची वेगळी." त्यांनी तुपकट जाळी ठेवली, वर गॉज आणि पातळ पट्टी. "ही जाळी चिकटत नाही, खालची नवी कातडी शाबूत राहते. पट्टी भिजली तर इकडं या, घरी सोडू नका. बोटं हलवत राहा."

सगळं बराबर होतं, फक्त पट्टी फार बारीक. गावात मी स्फोट झाल्यासारखं सांगत होतो आणि ऐकणारा हाताकडं बघून म्हणायचा, "एवढंच व्हय?" माझ्यानं राहवेना. जाळी फेकली, भरपूर कापूस लावला आणि जुनी साडी फाडून कोपरापर्यंत गुंडाळली. आता कसं, लोक मोटारसायकल थांबवून विचारू लागले.

कापूस जखमेला घट्ट चिकटून बसला, तेव्हा बायकोनं मला पुन्हा वसमतला नेलं. बाईंनी सलाईनच्या पाण्यात भिजवून भिजवून तो सोडवला, तरी थोडी नवी कातडी संगं आलीच.

"जाळी काहून काढली?" बायकोनं तिथंच विचारलं.

"रुबाब येईना तिच्यात."

बाईंनी पुन्हा जाळी ठेवली. "आता जयंतीला या हातानं थाप नाही."

घरी आल्यावर बायकोनं ढोलकी माझ्या पुढ्यात आणून ठेवली. मग म्हणाली, "रोज ऐकून ऐकून पाठ झालंय मला. डावी बाजू मी वाजवते, उजवी तुमी."

जयंतीला आम्ही दोघं एका ढोलकीला बसलो. मी एकदा चुकलो. ती न्हाई.

यंदा हात ठणठणीत आहे. परवा पार्टीवाल्यांचा फोन आला. मी हात बरा असल्याचं अगदी आनंदानं सांगितलं.

"ते ऱ्हाऊ द्या," पलीकडून विचारलं, "वहिनी येऊन राहिल्या ना?"