मिस्त्रींचा उजवा बूट

“९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी बोचरा वारा. मिस्त्री आले, मोटारसायकल फिरवून आणली, चहा घेतला. दुपारी पुतण्या येऊन गेला. त्याचं गिऱ्हाईक सोमवारी, १७ तारखेला गाडी बघायला येणार. मिस्त्रींचे बूट स्वच्छ होते. दोन्ही.”

शेवटच्या शब्दाखाली काकूंनी रेघ ओढली आणि पेनाला टोपण लावलं.

बूट स्वच्छ असण्यात वावगं काय, असं कुणालाही वाटेल. पण काकूंनी सगळ्या संसारात शनिवारच्या संध्याकाळी काकांच्या बुटांना पॉलिश केलं होतं. काकांच्या जुन्या मोटारसायकलचा गिअर उजव्या पायाशी होता. हल्लीच्या गाड्यांचा डावीकडे असतो, हिचा उजवीकडे. पहिला गिअर टाकायचा म्हणजे बुटाच्या टोकाने दांडी वर उचलायची, आणि त्या दांडीने उजव्या बुटाचं कातडं घासून निघायचं. किती का पॉलिश चोळा, तो काळा पट्टा लपत नसे. “तुमचा डावा बूट नवरदेवाचा आणि उजवा हमालाचा,” असं त्या काकांना म्हणायच्या.

मिस्त्रींचे दोन्ही बूट नवरदेवाचे होते.

काका गेल्यापासून गाडी मिस्त्रीच बघत होते. रविवारी सकाळी यायचे, किल्ली घ्यायचे आणि गाडी ढकलत गल्लीच्या वळणापर्यंत न्यायचे. “शेजारपाजारचे झोपलेले असतात, वहिनी.” तासाभराने ती त्याच वळणावर धडधडत यायची, तिथेच बंद पडायची आणि मिस्त्री ती ढकलत दारात आणायचे. पेट्रोलचा नळ आधीच बंद केला की कार्बोरेटरमध्ये काही उरत नाही, असं ते सांगत. काकूंना ते पटलेलं होतं. वळणावरचा तो आवाज कानी पडला की त्यांचा हात आपसूक चहाच्या पातेल्याकडे जायचा. काका असताना जायचा, तसाच. खरं तर गाडी ठेवून घेण्याचं तेवढंच एक कारण होतं. एरवी त्यांना ती कधीच आवडली नव्हती. धूर, घाण, आणि उभी राहील तिथे खाली तेलाचा ठिपका.

मिस्त्री तसे मुलखाचे अबोल. लहानपणी बसच्या आगारात नटबोल्ट धुण्यापासून सुरुवात झाली होती. पुढे लाँड्रीच्या मागच्या बाजूला स्वतःचं गॅरेज टाकलं. दोन गाड्या आत घेतल्या तर मिस्त्रींना बाहेर उभं राहावं लागे. काढलेले स्क्रू ते एका पोचे पडलेल्या पत्र्याच्या ताटात, निघाले त्या क्रमाने मांडत. बायकोने एकदा ते ताट घासून लख्ख केलं, तेव्हा घरात कितीतरी दिवस अबोला होता. इंजिन तपासताना स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं आणि लाकडी मूठ कानाला. डोळे मिटलेले. तेव्हा त्यांच्याशी बोललेलं चालत नसे.

नव्या गाड्यांवर मात्र त्यांना वाचा फुटे. “त्यांच्या पोटात सीलबंद डबा असतो, वहिनी. बिघडला की फेकायचा, दुसरा घालायचा. त्यात मी काय करायचं? सांत्वन?”

असा माणूस खोटं बोलेल असं काकूंना वाटलं नसतं. पण पुतण्याने मध्यंतरी कान भरले होते. पुतण्याची गाडी नवीकोरी. बटण दाबलं की सुरू, आवाज म्हणून नाही.

“तू आलास की कळतच नाही रे,” काकू म्हणाल्या होत्या. “चोर आल्यासारखा येतोस.”

“अगं, इंजिन चांगलं आहे म्हणून आवाज नाही. पेट्रोल किती, टायरमध्ये हवा किती, सगळं मोबाईलवर दिसतं. काकांची गाडी म्हणजे जुनाट दुखणं. किक मारता मारता मांडी भरून येते.”

“मग तुझं गिऱ्हाईक त्या दुखण्यावर का भाळलंय?”

“शौक असतो एकेकाचा. दिवाणखान्यात काचेआड ठेवणार आहे तो.” मग त्याने आवाज खाली आणला. “आणि मिस्त्रींवर एवढा विश्वास टाकू नकोस. तिचे अस्सल सुटे भाग आता शोधून मिळत नाहीत. एकेक काढून घेतला आणि जागेवर बनावट बसवला, तर तुला कळणार आहे का?”

गाडी विकण्याच्या या आग्रहात पुतण्याचा स्वतःचा वाटा किती, हेही काकूंच्या मनात येऊन गेलंच. पण शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. म्हणून त्या रविवारी मिस्त्री पायरीवर चहा पीत बसले, तेव्हा त्यांची नजर बुटांवर गेली.

“आज गाडी कुणी चालवली?”

“मीच. दुसरं कोण चालवणार?” मिस्त्री कपात बघत म्हणाले.

कुठेतरी पाणी मुरत होतं. त्या आठवड्यात काकूंना सगळ्याचाच संशय येऊ लागला. टाकीचा रंग पूर्वी एवढा चकचकीत होता का? आरसा असाच गोल होता ना? गाडी ढकलत नेण्याचं ते शेजाऱ्यांचं कारण, तेही आता पोकळ वाटायला लागलं. खोट्या माणसाच्या हातचा आवाज ऐकून चहा टाकत बसण्यापेक्षा गाडी काचेआड गेलेली बरी, असं त्यांनी ठरवून टाकलं. मिस्त्री खोटे निघाले, तर सोमवारी व्यवहार पक्का.

पुढच्या रविवारी मिस्त्री वळणाआड दिसेनासे होताच काकूंनी शाल गुंडाळली, दार ओढून घेतलं आणि मागे निघाल्या. मिस्त्री गाडी ढकलत बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात शिरले. त्यांचा उजवा पाय अख्खा पडत होता, पावलात बिजागरी नसल्यासारखा. काकू फाटकाच्या खांबामागे थांबल्या. या वयात खांबामागे लपायची वेळ आली, याचा रागही त्यांनी मिस्त्रींच्याच नावावर टाकला.

आत एक तरुण मुलगी उभी होती. तिने गाडी स्टँडवरून उतरवली, हलकेच किक दाबून अंदाज घेतला आणि मग सगळा भार टाकून एकच किक मारली. गाडी धडधडली. मुलगी आवाराला फेऱ्या घालू लागली आणि मिस्त्री मधोमध, डोळे मिटून, कानामागे हात धरून उभे राहिले.

“छान!” काकू खांबामागून बाहेर आल्या. “हे तुम्हीच का, मिस्त्री?”

मिस्त्रींनी डोळे उघडले. मुलीने गाडी थांबवली.

“माझी लेक आहे, वहिनी. शोरूममध्ये नव्या गाड्या दुरुस्त करते.”

“भाग कुठले काढलेत?”

“भाग?” मिस्त्रींचा चेहरा पडला. “एक वॉशरसुद्धा नाही. मागच्या वर्षी गिअरबॉक्स पायावर पडला. घोटा धरलाय, चवडा वर उचलतच नाही. पहिला गिअर पडणार कसा?”

“मग तसं सांगायला तोंड धरलं होतं कुणी?”

“साहेबांना शब्द दिला होता, गाडीला तिसऱ्याचा पाय लागू देणार नाही म्हणून. तुम्हाला सांगितलं असतं तर किल्ली काढून घेतली असतीत.”

“घेतलीच असती!”

“बघा,” मिस्त्री म्हणाले.

काकूंनी मुलीकडे मोर्चा वळवला. तिच्या उजव्या बुटावर तो ओळखीचा काळा पट्टा होता. तरी त्यांचं समाधान होईना.

“माझ्या पुतण्याला ओळखतेस तू?”

“नाही हो, काकू.”

“शोरूममध्ये दिवसभर त्या नव्या गाड्या असतात ना? मग सुट्टीच्या दिवशी हिच्यात काय आहे एवढं?”

मुलीने जरा विचार केला. “तिथे गाडीला वायर जोडायची. काय बिघडलंय ते पडदा सांगतो आणि मी तो डबा बदलते. हिला काय होतंय, ते मलाच हिला विचारावं लागतं. आणि बाबाही हिच्याजवळ असले की चार शब्द बोलतात माझ्याशी.”

मिस्त्री घसा खाकरत दुसरीकडे बघू लागले.

काकूंनी शाल आवळली. “मला घरी सोड. बघू तरी कशी चालवतेस ते. आणि हळू. मी तुझ्या शोरूमचं गिऱ्हाईक नाही.”

वळणावर मुलीने सवयीने गाडी बंद करायला हात नेला. “दारापर्यंत चालू दे,” काकू मागून ओरडल्या. “उठू देत शेजारी.”

मिस्त्री पाय ओढत, बऱ्याच वेळाने पोचले. काकू पायरीवरच उभ्या होत्या.

“पुतण्याला फोन केलाय. गिऱ्हाईक यायचं नाही,” त्या म्हणाल्या. “पुढच्या रविवारपासून किल्ली हिच्याकडे. ही फिरवून आणेपर्यंत तुम्ही इथे माझ्यासमोर बसायचं. म्हणजे एकावर नजर राहील आणि दुसरीवर कान. आणि मिस्त्री, तो घोटा डॉक्टरला दाखवलाय म्हणालात, तर चिठ्ठी बघीन मी.”

“दाखवलाय असं म्हणालोच नाही, वहिनी.”

“तेच म्हणते मी. या आत.”

त्या रात्री काकूंनी मोटारसायकलबद्दल थोडक्यात लिहिलं. खाली शेवटची ओळ अशी होती: “राखाडी शालीच्या टोकाला चेनचं वंगण लागलं, साबणाच्या कोमट पाण्यात भिजत घातली आहे.”