काट्यांचं भजन

आमच्या डोणगावच्या घरात देव्हाऱ्यापेक्षा बाबांचा कॅसेट डेक जास्त पुसला जायचा. मास्तरकीच्या पगारातून घेतलेला. दर्शनी भागात आवाजाबरोबर डोलणारे दोन काटे, दाबल्या की खट्ट वाजणाऱ्या जाड कळा आणि माईक खुपसायला भोक. आई भजनी मंडळात गायची, बाबा तिला घरी बसवून तिची भजनं कॅसेटवर भरून घ्यायचे. माईक तेव्हापासून तिथेच अडकलेला. भरलेली कॅसेट चुकून पुसली जाऊ नये म्हणून लोक तिच्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा मोडून टाकतात. बाबांनी मोडला नाही. म्हणाले, "राहू दे, अजून एखादं भजन मावते त्याच्यात." त्याच वर्षी आई गेली.

पुढे बाबांचे कान गेले. कानाचं मशीन लावायला साफ नकार. रोज जेवण झालं की तीच कॅसेट, आवाज पुरा सोडलेला. मुलीची बारावी, माझं डोकं उठलेलं. एका दुपारी मी सरळ डेकला जोडलेल्या ॲम्प्लिफायरचं आवाजाचं बटन शून्यावर आणलं. डेकचे काटे त्या बटनाला जुमानत नाहीत, ते नाचतच राहिले. बाबाही काट्यांकडे बघत मान डोलवत राहिले. सुंठीवाचून खोकला गेला. वर्षभर आम्ही तसंच चालवलं. पाहुणे आले की ती गंमत मी हौसेनं दाखवायचो, आणि खोटं कशाला बोलू, मला मजा यायची.

दिवाळीत जळगाव जामोदहून ताई आली. तिला आईचा आवाज ऐकायचा होता. तिनं कॅसेट मागे घेतली, कळ दाबली, आवाज वाढवला.

"म्हाताऱ्याले काय समजते बे! काटा हलला का खूश!"

आवाज माझा होता. मागोमाग बायकोचं हसणं, मिक्सरची घरघर, पुन्हा माझं हसणं. बाबांच्या थरथरत्या बोटांनी कधीतरी शेजारची, आवाज भरायची लाल कळही दाबली गेली होती. स्पीकर चालू असता तर माईकनं शिट्टी मारली असती आणि आम्हाला कळलं असतं. पण स्पीकर मीच बंद केला होता. बाबा आमच्या टवाळीवर मान डोलवत होते आणि आई पुसली जात होती.

ताईनं कॅसेट उलटी करून पाहिली. दुसरीकडेही आम्हीच. ती रडायला लागली. बाबांना वाटलं, आईच्या आठवणीनं रडते.

"रडू नको माय," ते म्हणाले. "कोणतं लागलं?"

ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "तूच सांग आता."

मी बाबांच्या कानाशी वाकून ओरडलो, "दत्ताचं!"

ते माझ्याकडे वळले.

"दत्ताचं तं तुह्या मायनं भरलंच नाही," ते म्हणाले. "तीनच भजनं होती बाबू त्याच्यात. तुले एकही माहीत नाही?"

मला खरंच एकही माहीत नव्हतं.